विंचवाचे विष आणि उल्लेखांची मोजदाद

धाटावहून कोलाडला जाऊन मुंबई–गोवा महामार्ग धरला की माणगावच्या पुढे महाड लागते. जिल्हा एकच, रायगड. या महाड तालुक्यात राहून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर संशोधन केले आणि सुमारे चार दशके ते जगातल्या नामवंत वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केले. त्यांच्या कार्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा वृत्तपत्रांतून पुन्हा लिहून आले. त्या लिखाणात गौरव होता, आणि तो रास्तच होता. पण त्यांच्या संशोधनलेखांची यादी समोर ठेवून ती वाचली आहे, असे फारसे कुणी केलेले दिसत नाही. या लेखात आम्ही तेवढेच करणार आहोत.

त्याला कारणही आहे. अलीकडे दरवर्षी एक बातमी येते : अमुक महाविद्यालयाचे तमुक प्राध्यापक ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांत’. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या संदर्भसूचीतल्या आकड्यांवरून ही यादी तयार करतात. तिची पद्धत २०१९ साली प्रसिद्ध झाली. एखाद्या संशोधकाच्या लेखांचा उल्लेख इतरांनी आपल्या लेखांत किती वेळा केला, यावर ही यादी उभी आहे. बातमी वर्गात पोहोचते आणि विद्यार्थी विचारतात, “सर, म्हणजे हे सगळ्यांत मोठे शास्त्रज्ञ का?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येत नाही आणि ‘नाही’ म्हणून तो झटकताही येत नाही. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण घेऊन तो उलगडून पाहणे बरे.

प्रथम मूळ संशोधन थोडक्यात.

कोकणात विंचू ही काही नवलाईची गोष्ट नाही. पेंढ्याच्या उडव्या, लाकडांची रास, जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या फटी, चपला-बुटांचे पोकळ भाग, कुठेही तो सापडतो. मुले आकाराने मोठ्या काळ्या इंगळीला घाबरतात. पण जिवावर बेततो तो लहानसा लाल विंचू. त्याचे विष चेतातंतूंवरील सोडियमच्या मार्गिका उघड्या ठेवते. त्या वेळेवर मिटत नाहीत, चेतातंतू सारखे उद्दीपित होत राहतात आणि शरीरात अ‍ॅड्रिनलिन व त्याच्या जातीच्या रसायनांचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो. शेवटी फुप्फुसात पाणी भरते आणि रोगी, बहुधा लहान मूल, दगावते.

बावस्कर १९७६च्या सुमारास महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. तेव्हा विंचूदंशाकडे मुख्यतः वेदनेचा विकार म्हणून पाहिले जाई. रोगी आधी विंचू उतरवणाऱ्याकडे जाई आणि मग दवाखान्यात. दवाखान्यात त्याला गुंगीच्या औषधांचे मिश्रण, स्टेरॉइड, अ‍ॅट्रोपिन असे काहीबाही दिले जाई. फुप्फुसात पाणी भरते हे तोपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हते असे नव्हे. मुंडले यांचा याच विषयावरचा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६१ सालीच आला होता. पण बिरवाडीसारख्या ठिकाणी रात्री दोन वाजता मूल आणले तर नेमके काय करायचे, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

आता यादीकडे वळू. तिच्यातले पहिले टिपण १९७७ मधले, ‘इंडियन हार्ट जर्नल’मध्ये : विंचूदंश आणि हृदयाची गुंतागुंत. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख आला. त्याचा विषय, दंश झालेल्यांपैकी कोणाचे हृदय धोक्यात येणार हे आधीच कोणत्या खुणांवरून ओळखावे, हा होता. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय अशा त्या खुणा. त्या ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. हात लावून आणि डोळ्यांनी पाहून कळतात. आमच्या मते सबंध यादीतला सर्वांत मोलाचा लेख हाच आहे. औषधाचा बोलबाला झाला, पण औषध कोणाला आणि केव्हा द्यायचे हे या निरीक्षणाशिवाय ठरले नसते.

औषधाचा लेख १९८६ चा, पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये, डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह. तो जेमतेम दोन पानांत मावणारा आहे. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे आधीपासून माहीत असलेले, तोंडाने घ्यायचे, स्वस्त औषध. आवळलेल्या रक्तवाहिन्यांवरील ज्या अल्फा ग्राहकांवर अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची रसायने काम करतात, तेच ते अडवते. त्याआधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिले होते. ते शिरेतून थेंबथेंब द्यावे लागते आणि रक्तदाबावर सतत डोळा ठेवावा लागतो. एक डॉक्टर एका रोग्यापाशी रात्रभर बसेल तरच ते जमते. गोळीमुळे ही अडचण गेली. बावस्करांच्या स्वतःच्या लेखनात नंतर जे आकडे येतात ते असे : हृदयावर परिणाम झालेल्या रोग्यांमध्ये पूर्वी शंभरात पंचवीस-तीस मृत्यू होत, प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले.

पुढची नावे झरझर पाहू. १९९१, ‘अ‍ॅनल्स ऑफ ट्रॉपिकल पीडिअ‍ॅट्रिक्स’, १९९४, ‘टॉक्सिकॉन’, १९९८, ‘इंडियन जर्नल ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स’. २०११ साली ‘बीएमजे’मध्ये ७० रोग्यांवरील चाचणी. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील जेफ्री इस्बिस्टर यांच्यासह ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये विंचूदंशावरचा आढावा. मध्ये सर्पदंशावरचे लेख, आणि महाराष्ट्रातील एका लहान गावातल्या पिण्याच्या पाण्यातील जड धातू व मूत्रपिंडाचा विकार यांविषयी २०१० साली ‘क्लिनिकल टॉक्सिकॉलॉजी’त आलेले टिपण.

नियतकालिकांची नावे पुन्हा वाचून पाहा. हृदयविकार, बालरोग, उष्णकटिबंधातील रोग, विषशास्त्र, सर्वसाधारण वैद्यक. विषय मुख्यतः एकच, पण तो पाच दालनांत विखुरला आहे. उल्लेखांची मोजदाद इथे कशी अडखळते ते पाहण्यासाठी ती मोजदाद मुळात आली कुठून, हे आधी सांगायला हवे.

अमेरिकेत वकिलांसाठी ‘शेपर्ड’ची सूची असे. एखाद्या जुन्या निकालाचा पुढच्या कोणकोणत्या निकालांत उल्लेख झाला, हे तीत पाहता येई. यूजीन गारफील्ड यांनी ही कल्पना विज्ञानात आणली. १९५५ साली ती मांडली आणि १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ छापला. उद्देश शोधण्याचा होता : एक लेख हाती लागला की त्याचा उल्लेख करणारे पुढचे लेख सापडावेत. गुणवत्तेची प्रत लावणे हा मूळ हेतू नव्हता. शिवाय एक गोष्ट वाटेत गळून पडली. शेपर्डच्या सूचीत पुढच्या न्यायालयाने जुना निकाल मान्य केला की फिरवला, याची खूण असे. विज्ञानाच्या मोजदादीत ती खूण नाही. “अमुक यांनी दाखवून दिल्याप्रमाणे” हा एक उल्लेख आणि “अमुक यांचे म्हणणे आम्हाला चुकीचे आढळले” हाही एकच उल्लेख. दोन्हींची बेरीज दोन.

या सूचीतूनच नियतकालिकांचा प्रभावांक, म्हणजे ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, निघाला. हिशेब सोपा आहे. समजा, एका नियतकालिकाने २०१८ आणि २०१९ या दोन वर्षांत मिळून १०० लेख छापले आणि २०२० मध्ये त्यांचे २५० उल्लेख झाले. तर त्याचा २०२० चा प्रभावांक अडीच. दोन वर्षांची ही खिडकी लक्षात ठेवावी. बावस्करांचे पहिले टिपण १९७७ चे आणि प्राझोसिनचा लेख १९८६ चा, म्हणजे नऊ वर्षांनी. त्यानंतर प्राझोसिन आणि प्रतिविष यांची नीट तुलना करणाऱ्या चाचण्या २०१० आणि २०११ मधल्या, म्हणजे आणखी जवळजवळ पंचवीस वर्षांनी. जिथे प्रश्न आणि उत्तर यांत पाव शतक जाते, त्या विषयाला दोन वर्षांच्या मापात बसवले तर मापात काहीच उरत नाही.

प्रभावांक नियतकालिकाचा असतो, लेखाचा नव्हे. तरीही तो लेखाला चिकटवला जातो. नॉर्वेच्या पेर सेग्लेन यांनी १९९७ साली ‘बीएमजे’त दाखवले की नियतकालिकातले सर्वाधिक उल्लेख झालेले १५ टक्के लेखच एकूण उल्लेखांपैकी निम्मे उल्लेख मिळवतात. वर्गाची सरासरी साठ गुण आहे म्हणून त्या वर्गातल्या प्रत्येकाला साठ गुण देऊन टाकण्यासारखा हा प्रकार. असे कोणी शिक्षक करणार नाही.

व्यक्तीसाठी दुसरे माप आहे, एच-निर्देशांक. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ साली ते सुचवले. हे माप विद्यार्थ्यांना शाळेच्या वाचनालयाच्या नोंदवहीवरून शिकवता येईल. समजा, एका लेखकाची सात पुस्तके आहेत आणि वर्षभरात ती अनुक्रमे ४०, १२, ६, ४, ३, १ आणि ० वेळा घरी नेली गेली. निदान चार वेळा गेलेली पुस्तके चार आहेत. निदान पाच वेळा गेलेली पाच नाहीत. म्हणून निर्देशांक ४. दुसऱ्या लेखकाची पाच पुस्तके ५, ५, ५, ५ आणि ४ वेळा गेली. त्याचाही निर्देशांक ४ च. एकाची बेरीज ६६, दुसऱ्याची २४. ज्या पुस्तकाची चाळीसदा मागणी झाली ते या मापात चारदा गेलेल्या पुस्तकाच्या पंगतीला बसले. आता मुलांना विचारा : सर्वांत जास्त वेळा गेलेले पुस्तक कोणते? बहुतेक शाळांत उत्तर ‘दहावीचे गाइड’ असे येईल. आणि वाचनालयातच बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंद कुठे? कुठेच नाही.

गाइडचे उदाहरण विज्ञानातही आहे. द्रवातील प्रथिनाचे प्रमाण कसे मोजावे, याविषयीचा लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा लेख तीन लाखांहून अधिक वेळा उल्लेखिला गेला आहे. ‘नेचर’ने २०१४ मध्ये सर्वाधिक उल्लेखांच्या शंभर लेखांची यादी काढली तेव्हा तो पहिला होता. डीएनएच्या दुहेरी सर्पिलाचा लेख त्या शंभरात नव्हता! पद्धतीचा लेख पुन्हा पुन्हा लागतो, म्हणून त्याचे नाव लिहिले जाते. मोठा शोध क्रमिक पुस्तकात जाऊन बसतो, तो सर्वांचाच होतो, आणि मग त्याचे नाव लिहायची गरज कुणाला वाटत नाही.

आता दालनांची गोष्ट. कर्करोगाच्या आकडेवारीचे लेख छापणाऱ्या ‘सीए’ या नियतकालिकाचा प्रभावांक अलीकडच्या वर्षांत दोनशेच्या वर गेला आहे. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ हे गणितातले अग्रगण्य नियतकालिक; त्याचा दहालाही पोहोचत नाही. म्हणून गणित कर्करोगशास्त्राच्या वीस पट हलके ठरते काय? गणिती थोडे लिहितात, हळू लिहितात आणि लेखाच्या शेवटी थोडेच संदर्भ देतात. वैद्यकातल्या प्रयोगशाळा भराभर लिहितात आणि चाळीस-पन्नास संदर्भ देतात. जिथे उल्लेख करणारेच पुष्कळ, तिथे उल्लेखही पुष्कळ. ‘टॉक्सिकॉन’ हे विषांवरचे जाणते नियतकालिक, त्याचा प्रभावांक दोन-तीनच्या आसपास घुटमळतो. विंचवावर काम करणारे जगात मूठभर. त्यांनी एकमेकांचे सगळे लेख न चुकता उल्लेखिले तरी आकडा मोठा होणार नाही.

यावर तोडगा म्हणून मापे दुरुस्त केली जातात. लेखाचे उल्लेख त्या विषयाच्या सरासरीने भागायचे. कल्पना न्याय्य आहे. पण बावस्करांच्या यादीला ती लावू गेल्यास प्रश्न पडतो, विषय कोणता? सूच्या बहुधा नियतकालिकावरून विषय ठरवतात. मग ‘टॉक्सिकॉन’मधला लेख विषशास्त्रात जाईल आणि त्याच विंचवावरचा ‘लॅन्सेट’मधला लेख सर्वसाधारण वैद्यकात. तिथे त्याची तुलना मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांवरच्या हजारो रोग्यांच्या चाचण्यांशी होईल. म्हणजे अधिक मोठ्या नियतकालिकाने स्वीकारला म्हणून लेखाचा गुणांक उतरायचा! दुरुस्ती केलेले मापही दालनांच्या भिंती पक्क्या आहेत असे गृहीत धरते. विंचवाला त्या भिंती ठाऊक नाहीत; तो हृदयालाही दंश करतो, बालरोगतज्ज्ञाच्या टेबलावरही येतो आणि विषशास्त्रातही.

नावांचा घोळ आणखी वेगळा. या लाल विंचवाला शास्त्रज्ञ आधी ब्युथस टॅम्युलस म्हणत, मग मेसोब्युथस टॅम्युलस, आणि आता होटेन्टोटा टॅम्युलस. विंचू तोच. लेखकांतही तसेच. ‘बावस्कर पी. एच.’ हे नाव काही लेखांवर दोनदा छापलेले आहे. ती छापखान्याची चूक नव्हे, एकाच कुटुंबातल्या दोन व्यक्तींची आद्याक्षरे सारखी आहेत. यंत्राने मोजणाऱ्याला हे कसे कळावे? वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर या तीन ठिकाणी एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे येतात. कारण प्रत्येकाची मोजायची नियतकालिके वेगळी आहेत आणि आपल्याकडची अनेक नियतकालिके जुन्या काळात या सूच्यांच्या बाहेरच होती.

इथवर वाचून कोणी म्हणेल, तर मग हे आकडे फेकूनच द्यावेत; खरा डॉक्टर रोगी बरे करतो, लेख कशाला लिहायचे? मराठीत गौरवपर लिहिताना हा सूर हमखास लागतो आणि तो आम्हाला मान्य नाही. बावस्करांनी लिहिले नसते तर महाडच्या आसपासचे रोगी वाचले असते, इतकेच. बाहेरच्यांना त्यांचे म्हणणे तपासता आले ते लिहिल्यामुळे. चिपळूणच्या डॉक्टरांनी प्राझोसिन आणि हाफकिनचे विंचूप्रतिविष यांची तुलना करून २०१० साली ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’मध्ये मांडली, तीव्र विषबाधेत प्रतिविष सरस असा त्यांचा निष्कर्ष होता. महाड ते चिपळूण एकाच महामार्गावर. शेजारच्या गावाने शेजाऱ्याचे म्हणणे छापील पुराव्यानिशी पारखले, हा उल्लेख आकड्यात एकच मोजला जाईल. आम्हाला तो शंभर औपचारिक उल्लेखांहून मोठा वाटतो.

याच कसोटीवर मूळ यादीही पारखली पाहिजे. मृत्यू पंचवीस-तीस टक्क्यांवरून एकाच्या खाली आले, हे आकडे आधीच्या काळातील रोगी आणि नंतरच्या काळातील रोगी यांच्या तुलनेतून आलेले आहेत. या दोन काळांत औषधाखेरीज इतरही काही बदलले असणार. रस्ते झाले, रोगी लवकर पोहोचू लागले, डॉक्टरांची नजर तयार झाली. त्यातले किती श्रेय गोळीचे, हे अशा तुलनेतून काटेकोर सांगता येत नाही. दुसरे, टक्केवारीचा छेद कोणता? दंश झालेले सगळे, की हृदयावर परिणाम झालेले तेवढेच? बहुतेक दंशांत नुसती वेदना होते आणि ती आपोआप ओसरते. विंचू उतरवणाऱ्याचा लौकिक याच छेदावर टिकून असतो : त्याच्याकडे येणारे बहुतेक काहीही न करता बरेच होणार होते. बावस्करांच्या लेखांत तीव्र रोगी वेगळे काढलेले असतात, हे त्यांच्या बाजूचे. पण त्यांचे आकडे वृत्तपत्रांत उतरताना छेद गळून पडतो.

आणि मग सुरुवातीलाच निम्म्या मुलांना गोळी व निम्म्यांना काहीच नाही अशी चाचणी का केली नाही? ज्या दवाखान्यात गोळी आहे आणि समोरचे मूल गार पडत चालले आहे, तिथे चिठ्ठी काढून अर्ध्यांना गोळी नाकारणे कोणत्या डॉक्टरला जमेल? हा आक्षेप शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आणि माणुसकीच्या दृष्टीने अवघड आहे. दोन्ही बाजू मुलांसमोर ठेवाव्यात. उत्तर त्यांनाच वाद घालून काढू द्यावे.

२०११ च्या ‘बीएमजे’तील चाचणीने यातली एक वाट दाखवली. कोणालाच औषधावाचून ठेवायचे नाही. ७० रोग्यांपैकी ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन अधिक प्रतिविष. कोण कोणत्या गटात हे यादृच्छिक पद्धतीने ठरलेले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. बरे होण्यास लागलेला सरासरी वेळ पहिल्यात १७.७ तास, दुसऱ्यात ८. प्रकृती आणखी बिघडू न देण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही गट सारखेच. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना आणि रोग्यांना ठाऊक होते, हा या चाचणीचा उणेपणा. तो लेखाच्या शीर्षकातच नोंदवलेला आहे. ज्या गोळीने नाव मिळवून दिले, ती एकटी पुरेशी वेगवान नाही, हे त्याच लेखकांनी आपल्याच हाताने छापले. असे लिखाण मोजण्याचे माप कोणत्याही सूचीत नाही.

मोजणीचे दुष्परिणाम काल्पनिक नाहीत. २०१५ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयातल्या शिक्षकांच्या बढतीसाठी जे निकष काढले, त्यांत मूळ संशोधनाचेच लेख धरायचे, श्रेय पहिल्या दोन लेखकांनाच, आणि केवळ संगणकावर निघणारी नियतकालिके वगळायची, असे होते. एका-दोघा रोग्यांच्या निरीक्षणाचे टिपण या हिशेबात शून्य. १९७७ चे बिरवाडीचे टिपण या चाळणीतून बहुधा खालीच पडले असते. परिषद २०२० मध्ये गेली, तिच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. निकषही त्याच सुमारास थोडे सैल झाले. पण संख्या हवी म्हटल्यावर संख्या पुरवणारे उभे राहतातच. जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला एक बनावट लेख ३०४ नियतकालिकांकडे पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्या ३०४ पैकी सुमारे एकतृतीयांश नियतकालिके भारतातली होती. पुण्यात भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात, असे त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहिले. बढती हवी असलेल्या प्राध्यापकाला दोष देऊन हे थांबणार नाही.

धाटावला बसून हे लिहिताना आणखी एक गोष्ट खटकते. इथल्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. तिथल्या रसायनतज्ज्ञाने एखादी क्रिया वीस अंश कमी तापमानात घडवून आणली, तर ती कारखान्याच्या वहीत राहते, त्याचा एच-निर्देशांक शून्यच. शेजारून कुंडलिका वाहते. तिच्या पाण्यातले धातू कोणी वर्षानुवर्षे मोजले, तर त्या लेखाचा उल्लेख कोण करणार? कुंडलिकेवर लिहिणारे आणखी दोघेचौघे. बावस्करांच्या २०१० च्या टिपणातील ‘लहान गाव’ असेच. जागतिक दालनात हा प्रश्न कायम लहानच राहणार. ज्यांच्या हंड्यात ते पाणी येते त्यांच्यासाठी तो लहान नाही. अशा कामाला विषय म्हणून निवडणारा तरुण संशोधक आकड्यांच्या शर्यतीत आपण होऊन मागे राहतो, आणि नियम करणाऱ्यांनी याचा विचार केलेला दिसत नाही.

ज्यांना ही यादी वर्गात वापरायची आहे त्यांच्यासाठी दोन सूचना. शोधताना विंचवाची तिन्ही शास्त्रीय नावे घालावीत, नाहीतर जुने लेख सुटतात. आणि सुरुवात ‘बीएमजे’च्या २०११ च्या लेखापासून करावी, तो महाजालावर विनामूल्य वाचता येतो, इंग्रजी साधे आहे. नववी-दहावीच्या मुलांना ३५ पैकी ३२ आणि ३५ पैकी ८ यांची टक्केवारी काढायला सांगावी, ती ९१.४ आणि २२.९ येते. मग त्या लेखाच्या शेवटची संदर्भांची यादी घेऊन प्रत्येक नावापुढे, तो लेख मान्य केला आहे, की त्याच्याशी मतभेद दाखवला आहे, की नुसता रीत म्हणून दिला आहे, अशी खूण मजकूर वाचून करायला लावावी. शेपर्डच्या सूचीत असलेली जी खूण पुढे हरवली, ती मुले आपल्या हाताने परत घालतील. एका तासिकेत हे होणार नाही, दोन लागतील.